पाना-पक्कड : दार भक्कम, बिजागरी खिळखिळी

गेल्या अंकात आम्ही बेसमेंटमधल्या संप-पंपावर लिहिले, त्यावर तीन फोन आले. दोघांचे पंप बंद पडले होते. तिसऱ्या गृहस्थांना फक्त खात्री करून घ्यायची होती की हे सदर लिहिणारा माणूस खरोखरच आहे, की संपादकच रात्री जागून लिहितात. आहोत, मंडळी, आम्ही आहोत. मिशिगनमध्ये राहतो, आणि पोटासाठी मोटारींच्या दरवाजांच्या बिजागऱ्या डिझाईन करतो. हो, बिजागऱ्या. एम. एस. करून शेवटी बिजागऱ्या करतोस, असे आमचे एक मामा अजून म्हणतात. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या वेळचा विषय जरा वाकड्या वाटेचा आहे: मोटरसायकलचे मागचे चाक. आता तुम्ही म्हणाल, मिनीव्हॅन, मराठी शाळा आणि मुलांचे सॉकर यांत मोटरसायकल कुठून आली? पण जरा आठवून पाहा. आपल्यापैकी बहुतेकांनी इकडच्या विमानात पाय ठेवण्यापूर्वी एका तरी दुचाकीला किक मारलेली आहे. कुणाची लूना, कुणाची येझदी, कुणाची चेतक, जी आधी डावीकडे कलती करून मग सुरू करायची. आमच्या पुण्याच्या घरी होती राजदूत ३५०. म्हणजे घर एकत्र आणि गाडी धाकट्या काकांची.

ही यामाहाच्या आरडी ३५०ची भारतीय बहीण. एस्कॉर्ट्सने ती १९८३ ते १९८९ या काळात बनवली. ३४७ सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर. मूळ गाडी ३९ अश्वशक्तीची. आपल्याकडे पेट्रोलच्या हिशेबाने ती तीसच्या आसपास आणली, आणि पुढच्या डिस्कच्या जागी ड्रम ब्रेक आला. तरीही त्या काळच्या पुण्यात ती वाघीणच होती. आरडी म्हणजे 'रॅपिड डेथ' असे लोक गमतीने म्हणत, आणि आमच्या आजीला इंग्रजी येत नसूनही त्याचा अर्थ बरोबर समजला होता.

काकांनी ती १९९० साली सेकंडहँड घेतली. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे. मागे बसायचा मान आमचा, आणि त्या बदल्यात दर रविवारी गाडी पुसायचे कामही आमचे. हडपसरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की काटा नव्वदवर जायचा, आणि मग मागून एक संथ हेलकावा सुरू व्हायचा. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. आम्ही काकांचा शर्ट घट्ट धरत असू. काका ओरडून म्हणायचे, "घाबरू नकोस रे, खुशीत आली की शेपूट हलवते ती!"

१९९४ साली सासवडहून येताना दिवे घाटाच्या उतारावर, एका वळणाला ती शेपूट हलली आणि काका पडले. कॉलरबोन मोडले आणि खुबा दुखावला. त्या दिवशी आम्ही मागे नव्हतो, दहावीचा क्लास होता. काका वाचले, पण तेव्हापासून चालताना उजवा पाय जरा ओढतात. घरात निकाल लागला तो एका शब्दात: वेग. तीस वर्षे तोच निकाल कायम आहे. गाडी वाड्यातल्या पडवीत गेली, वर ताडपत्री आली, आणि दुचाकीचा विषय काढला की काकू अजूनही ताटावरून उठतात.

आता जरा यंत्राकडे येऊ.

मोटरसायकलचे मागचे चाक ज्या दोन हातांमध्ये धरलेले असते, त्याला स्विंगआर्म म्हणतात. आपले मेकॅनिक त्याला 'चिमटा' म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे. स्वयंपाकघरातला चिमटा जशी पोळी धरतो, तसा हा चाक धरतो. चिमट्याचे पुढचे टोक फ्रेमला एका आडव्या बोल्टने अडकवलेले असते, आणि त्या बोल्टभोवती तो वर-खाली झुलतो. खड्डा आला की चाक वर जाते, शॉकअप दाबला जातो, चाक खाली येते. चिमट्याने वर-खाली झुलावे एवढीच अपेक्षा. डावी-उजवीकडे हलण्याची किंवा पिळवटण्याची त्याला परवानगी नाही. थोडक्यात, चिमटा म्हणजे आडवे लावलेले दार, आणि तो बोल्ट म्हणजे त्याची बिजागरी. (आला की नाही आमचा धंदा?)

या बिजागरीच्या आत काय असते? चिमट्याच्या आडव्या नळीत दोन्ही बाजूंना एकेक बुश ठोकलेला असतो. बुशमध्ये पोलादाची एक सरळ नळी, आणि नळीतून बोल्ट. नट आवळला की नळी फ्रेमच्या दोन कानांमध्ये घट्ट दाबली जाते आणि स्थिर राहते. चिमटा फिरतो तो त्या नळीभोवती, बुशवर. आरडीचे मूळ बुश प्लॅस्टिकचे असतात. वेळच्या वेळी ग्रीस मिळाले तर ते आपले काम इमानाने करतात. नाही मिळाले तर झिजतात.

किती झिजले म्हणजे वाईट? इथे थोडे अंकगणित करू, सोपे आहे. दोन बुशांमधले अंतर २०० मिमी धरा आणि बोल्टपासून मागच्या आसापर्यंत चिमट्याची लांबी ४५० मिमी. प्रत्येक बुशमध्ये फक्त ०.४ मिमी मोकळीक झाली, म्हणजे जाडशा पोस्टकार्डाएवढी. आता चिमट्याची डावी बाजू पुढे आणि उजवी मागे सरकू शकते, आणि लगेच उलटही. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बाजूंत मिळून ०.८ मिमीचा फरक. २०० मिमी रुंदीवर ०.८, तर ४५० मिमी लांबीवर किती? १.८ मिमी. म्हणजे मागचे चाक जवळजवळ दोन मिलिमीटर डावी-उजवीकडे हलते, आणि त्याहून वाईट म्हणजे पाव अंशाने वळते. गाडीला एक हँडल पुढे असते, ते तुमच्या हातात. दुसरे असे मागे तयार होते, ते कुणाच्याच हातात नसते.

पाव अंशाने काय होते, असे वाटेल. पण दुचाकी सरळ चालते हाच मुळात एक नाजूक समतोल आहे. रॉबिन शार्प या ब्रिटिश संशोधकाने १९७१ साली मोटरसायकलच्या स्थिरतेचे गणित मांडले. गाडी तीन प्रकारे बिघडू शकते असे त्यातून दिसले. एक, सरळ कलंडणे. दुसरे, हँडलची जलद थरथर. तिसरे, आख्ख्या गाडीचे नागमोडी डोलणे, सेकंदाला साधारण दोन ते चार हेलकावे. हे तिसरे वेगाबरोबर वाढते. १९७४ साली त्यांनीच दाखवले की मागचे चाक फ्रेमच्या तुलनेत पिळवटू शकत असेल, तर मध्यम आणि जास्त वेगाला हे डोलणे शमायला जास्त वेळ लागतो. काकांच्या गाडीची शेपूट ती हीच.

त्या काळात हा प्रश्न एका गाडीचा नव्हता. १९७०च्या दशकात जपानी इंजिने फ्रेमच्या पुढे पळाली होती. १९७२ साली आलेली कावासाकी झेड-१ घ्या. ९०३ सीसी, ८२ अश्वशक्ती, आणि सरळ रस्त्यावर तिला तोड नाही. पण जास्त वेगात ती डोलते असा तिचा लौकिक होता, आणि हौशी मंडळी पहिल्याच वर्षी शॉकअप आणि चिमटा बदलायला निघत. याच सुमाराची बीएमडब्ल्यू आर-९०-एस रस्त्यावरच्या रूपात ६७ अश्वशक्तीचीच. तिच्या चिमट्याच्या सांध्यात टेपर रोलर बेअरिंग असतात, ती आवळून मोकळीक पार काढून टाकता येते. १९७६ साली अमेरिकेत पहिली सुपरबाईक मालिका झाली, तिचे विजेतेपद रेग प्रिडमोर यांनी याच आर-९०-एसवर मिळवले. एका बेअरिंगमुळे कुणी शर्यत जिंकत नाही, पण नुसत्या अश्वशक्तीने जिंकत नाही हे तर दिसलेच.

आता आमची फजिती.

सहा वर्षांपूर्वी आम्ही इथेच एक १९७५ची आरडी ३५० घेतली. बंद पडलेली, टाकीत गंज, सीटमध्ये उंदरांचे बिऱ्हाड. सौ.ना आम्ही सांगितले की ही चालवायची नाही, नुसती 'रिस्टोअर' करायची आहे. लग्नाला अठरा वर्षे झाली होती, त्यांनी विश्वास ठेवल्याचा अभिनय केला. दोन हिवाळे गेले आणि गाडी सुरू झाली. वसंतात बर्फ वितळल्यावर आम्ही गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर काढली, काटा ताशी ५५ मैलांवर गेला, आणि मागून तोच संथ हेलकावा आला. अकरा वर्षांचा मुलगा आमच्या पोटात एकदम जागा झाला.

यावर शहाण्या माणसाने काय करावे? शोधावे. आम्ही काय केले? खरेदी केली. चौकोनी नळ्यांचा, चकचकीत अॅल्युमिनियमचा नवा चिमटा मागवला. किंमत इथे लिहीत नाही, कारण हा अंक घरीही येतो. त्यामागचे शास्त्र चुकीचे नव्हते. अॅल्युमिनियम पोलादाच्या एकतृतीयांश वजनाचे, पण कडकपणाही एकतृतीयांशच. म्हणून त्याची नळी मोठी करावी लागते. आणि मोठी नळी ही मोठी गंमत आहे: पत्र्याची जाडी तीच ठेवून गोल नळीचा व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होते, पण पिळाला विरोध आठपट होतो. चांगला बनवलेला चिमटा खरोखरच जुन्यापेक्षा ताठ असतो. तो बसवला, आरशासारखा पुसला आणि निघालो. ५५ मैल. हेलकावा जशाच्या तसा. फक्त आता तो महाग हेलकावा होता.

परत येऊन गाडी मधल्या स्टँडवर लावली आणि समोर स्टुलावर बसून राहिलो. तेवढ्यात आमची कन्या गॅरेजमध्ये आली. तेव्हा ती चौदा वर्षांची. तिने सहज मागचे चाक दोन हातांनी धरून हलवले आणि म्हणाली, "बाबा, हे क्लिक करतंय." आम्ही म्हटले, चेन असेल. ती म्हणाली, "चेन नाही. दाराचं हिंज लूज असतं ना, तसं. तू दिवसभर हेच करतोस ना ऑफिसमध्ये?"

काय सांगावे, मंडळी! नव्या चिमट्याबरोबर आलेले बुश आम्ही मोजलेच नव्हते. पिशवीवर 'बसेल' असे लिहिले होते, म्हणून बसवले. आणि आतली पोलादी नळी तर जुनीच ठेवली होती, पन्नास वर्षांची, मध्ये चर पडलेली. दार नवे भक्कम, बिजागरी खिळखिळी. आमच्या ऑफिसात एखाद्या नवशिक्याने असे ड्रॉईंग आणले असते, तर आम्ही त्याला तासभर सुनावले असते.

मग मात्र काम रीतसर केले. ते सांगतो, कुणाला लागले तर उपयोगी पडेल.

आधी फुकटच्या गोष्टी तपासा. टायरमधली हवा, चाकाचे बेअरिंग, सैल तारा, हँडलच्या मानेतले बेअरिंग. यांतले काहीही बिघडले तरी गाडी डोलते, आणि दोष भलत्यालाच लागतो. मग गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चाक आणि शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, चिमट्याची दोन टोके धरून आडवी हलवा. अजिबात खडखड नको. तीच टोके वर उचलून सोडा. चिमटा आपल्या वजनाने, न अडखळता, सावकाश खाली यायला हवा.

आम्ही कांस्याचे बुश आणि त्यांना जुळणारी कठीण केलेल्या पोलादाची नवी नळी अशी जोडी घेतली. जोडीच घ्यावी. नव्या बुशात जुनी नळी म्हणजे नव्या कवळीला जुने दात. बुश हातोडीने ठोकू नये, वाकडा जातो. लांब आटे पाडलेला रॉड आणि दोन जाड वॉशर घेऊन तो पाण्याने हळूहळू आवळत आत ओढावा. (पाण्याने म्हणजे पान्याने. आमच्या कन्येने बादली आणली होती.) आधी रात्रभर बुश फ्रीझरमध्ये ठेवले तर ते किंचित आकसतात. २५ मिमीचा कांस्याचा बुश ४० अंशांनी थंड झाला तर व्यास ०.०१८ मिमीने कमी होतो. केसाच्या जाडीहूनही कमी, पण कामात फरक कळतो. फ्रीझरमध्ये मात्र ते नीट गुंडाळून, नाव लिहून ठेवा. आमचे बुश उकडीच्या मोदकांच्या सारणाशेजारी सापडले, आणि त्यावर घरात जी चर्चा झाली ती या सदराच्या कक्षेबाहेरची आहे.

बुश आत बसला की दाबाने त्याचे आतले भोक जरा लहान होते. म्हणून शेवटी रीमर फिरवून नळी अशी बसवावी लागते की बोटाने ढकलता यावी, पण हलू नये. मोकळीक पाच शतांश मिलिमीटरच्या आत. आणखी एक बारकावा. नळीची लांबी चिमट्याच्या रुंदीपेक्षा अगदी थोडी जास्त हवी. आखूड पडली तर नट आवळताच चिमटाच आवळला जातो. फार लांब झाली तर चिमटा आडवा सरकतो. तिथे पातळ शिम घालून जुळवावे.

शेवटी दोरी. चिमट्यावर चेन ताणण्याच्या खुणा असतात, त्यांवर पूर्ण विश्वास ठेवू नका. मागच्या टायरच्या मागून दोरी घेऊन दोन्ही बाजूंनी पुढे ताणा, मागच्या टायरला दोन ठिकाणी टेकेल अशी. आरडीचा पुढचा टायर अरुंद असतो, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंना फट दिसते. दोन्ही फटी सारख्या आल्या तर चाके एका रेषेत आहेत. आमची उजवी फट डावीपेक्षा चार मिलिमीटर जास्त होती. एवढ्या महागड्या भागांनंतर गाडी पाच डॉलरच्या सुतळीने सरळ झाली.

मग पुन्हा तोच रस्ता. ५५, ६०, ६५. हेलकावा नाही. आम्ही आरशात पाहिले, जणू शेपूट कुठे गेली ते शोधायला.

बाजारात आणखी पर्याय आहेत, त्यांविषयी चार शब्द. कुणी बुशऐवजी सुईसारखे रोलर असलेले बेअरिंग घालतात. ते हलके फिरते. पण चिमटा पूर्ण फिरत नाही, थोड्याच अंशांत पुढे-मागे होतो, त्यामुळे रोलर एकाच जागी आपटून खड्डे पाडू शकतात. पाणी शिरले तर जास्तच. कांस्य साधे आहे, ग्रीस मागते, पण भार मोठ्या पृष्ठभागावर पसरवते. कुणी जुन्याच चिमट्याला पट्टी वेल्ड करून घेतात. पट्टीने ताठपणा येतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने चिमटा वाकतो. साच्यात घट्ट धरून वेल्ड करणारा आणि नंतर मोजून देणारा माणूस असेल तरच हे करावे. आणि लांब चिमटा? सरळ रस्त्यावर गाडी शांत होते, पण वळायला आळशी होते, आणि तरफेचा हात वाढल्यामुळे जुने शॉकअप मऊ पडतात. आपण शर्यतीला चाललेलो नाही.

आणि गाडी चालवताना कधी हेलकावा आलाच, तर हँडल आवळू नका आणि ब्रेक कचकन दाबू नका. अंग थोडे पुढे झुकवा, हात सैल ठेवा आणि अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा.

हे सगळे झाल्यावर काकांच्या गाडीची आठवण येणे साहजिक होते. खरे सांगायचे तर आठवण आधीपासूनच होती. ती आम्ही टाळत होतो. त्याचे कारण आता सांगतो. आजवर कुणाला सांगितलेले नव्हते.

गाडी पुसण्याबरोबर दर महिन्याला चिमट्याला ग्रीस भरण्याचे कामही आमच्याकडे होते. त्यासाठी एक निप्पल असते, आणि ते नेमके खाली, अशा जागी असते की फरशीवर आडवे व्हावे लागते. काकांनी ग्रीसगन हातात देऊन दोनदा दाखवले होते. पहिले काही महिने आम्ही केले. मग निप्पल चोंदले. गन दाबली की ग्रीस आत न जाता बाहेरच ओघळायचे. काकांना सांगायला हवे होते. पण रविवारी सकाळी गल्लीत क्रिकेट सुरू झालेले असे. आम्ही निप्पलभोवती थोडे ग्रीस फासायचो, बाकीचे फडक्याने पुसायचो, आणि "झालं, काका" असे ओरडून पळायचो. असे दोन वर्षे तरी चालले.

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा बॅगेत कांस्याच्या बुशांची एक जोडी होती. पडवीतली ताडपत्री काढली. चाकात हवा नव्हती, पण हलवून बघायला हवा लागत नाही. चिमटा धरून हलवला. मोजायला काही साधन नव्हते आणि लागलेही नाही. एवढी हालचाल डोळ्यांनी दिसत होती. बोल्ट काढायला दोन दिवस आणि केरोसीनची एक बाटली लागली. आत नळी कोरडी, गंजलेली, बुशाचा एका बाजूने पापुद्रा उरलेला. निप्पलच्या भोकात जुने ग्रीस दगडासारखे झालेले.

काका शेजारी खुर्चीत बसून पाहत होते. वय सदुसष्ट. आम्ही फडक्याला हात पुसले आणि सगळे सांगून टाकले. निप्पल, क्रिकेट, दोन वर्षे.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू पंधरा वर्षांचा होतास. गाडी माझी होती. शेपूट हलवते म्हणून मी चारचौघांत कौतुक सांगत फिरायचो, एकदा खाली वाकून बघितलं नाही." थोड्या वेळाने हलक्या आवाजात पुढे म्हणाले, "आणि खरं सांगू? त्या वळणावर वाळू सांडलेली होती. ते मी कुणाला सांगितलंच नाही. वाळूवरून घसरला म्हणण्यापेक्षा वेगात पडला हे जरा बरं वाटतं." आतून काकूंनी विचारले, काय चाललंय दोघांचं? काका म्हणाले, "काही नाही, ग्रीस."

तेव्हा नक्की कशाने झाले? वेग, वाळू की बुश? तीस वर्षांनी पुरावा उरत नाही. इंजिनियर म्हणून एवढेच म्हणता येईल की पकड सुटत असताना मागचे चाक खिळखिळे असेल, तर सावरण्याची संधी कमी होते. पुतण्या म्हणून काय म्हणावे, ते काकांनीच ठरवून टाकले.

आम्ही आणलेले बुश बरोबर बसले, पण नळी लांबीला जुळेना. नाना पेठेतल्या एका लेथवाल्याने मूळ नळीचे माप घेऊन नवी करून दिली, आणि शतांश मिलिमीटरचा विषय काढताच आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की आम्ही गप्प बसलो. माप अचूक निघाले. टायर, ट्यूब, केबल, ब्रेकचे लायनर यांत आणखी आठवडा गेला. निघायच्या दोन दिवस आधी, सकाळी सहाला, रस्त्यावर ट्रकांची गर्दी व्हायच्या आत, दोघांनी हेल्मेट घातले आणि हडपसरच्या दिशेने निघालो. आम्ही पुढे, काका मागे. पन्नासच्या वर गेलो नाही. काकूंना शब्द दिला होता. घाटाच्या पायथ्याशी वळवून परत आलो. वाटेत काका एकदाच बोलले. कानाजवळ ओरडून म्हणाले, "वृद्ध झाली रे, शेपूट हलवत नाही!"

आता घरची हकीकत. कन्या सतरा वर्षांची आहे आणि तिला मोटरसायकल शिकायची आहे. सौ.चा विरोध होता, अजून आहे. पण परत आल्यावर आम्ही दोघींना ग्रीसची गोष्ट सांगितली, आणि त्यानंतर सौ.नी दोन अटींवर तिला सुरक्षा प्रशिक्षणाच्या वर्गाला जायची परवानगी दिली. पहिली अट हेल्मेट आणि जाड जाकीट, मिशिगनच्या जुलैतसुद्धा. दुसरी, चिमट्याला ग्रीस तिने स्वतः भरायचे, दर महिन्याला, आणि ते झाले की नाही हे बाबाच्या नव्हे, तिच्या शब्दावर मानायचे.

तिला आम्ही एकच खूण शिकवली आहे, तुम्हालाही सांगून ठेवतो. गन दाबत राहायचे, चिमट्याच्या दोन्ही कडांतून नवे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत. आधी काळे येते, मग पिवळे. पिवळे दिसले म्हणजे आत पोचले. निप्पलभोवती दिसले तर ते कुठेच पोचलेले नाही. गेल्या रविवारी ती फरशीवर आडवी होती आणि आम्ही दारात उभे होतो. आतून आवाज आला, "झालं, बाबा." वाकून बघण्याचा मोह झाला, पण आम्ही तसेच आत गेलो आणि चहा टाकला.

पुढच्या अंकात गॅरेजच्या दाराची स्प्रिंग. तोपर्यंत तिला कुणीही हात लावू नये, ती फार ताणलेली असते. संप-पंपवाल्या दोन्ही वाचकांनी बेसमेंट कोरडे आहे ना, ते कळवावे.